टपाल आलं की जागा होणारा कारकून

किनाऱ्यापासून हजारो किलोमीटर दूर, शिडाच्या लहानशा बोटीवर एक दर्यावर्दी लॅपटॉप उघडून बसलेला असतो. इंटरनेटचा पत्ता नसतो. असतो तो रेडिओ आणि त्यावरून मुंगीच्या पावलांनी जाणारा ई-मेल. तो एक ओळ लिहितो. 'पाठवा' अशा अर्थाचा एक इंग्रजी शब्द, हवामानाच्या मॉडेलचं नाव आणि त्याला हव्या असलेल्या समुद्राच्या तुकड्याचे अक्षांश-रेखांश. थोड्या वेळाने उत्तर येतं. त्याला एक छोटी फाइल जोडलेली असते. ती उघडली, की नकाशावर पुढच्या काही दिवसांचे वारे बाणांच्या रूपात उमटतात.

'सेलडॉक्स' नावाची ही सेवा जगभरचे दर्यावर्दी वर्षानुवर्षं वापरत आले आहेत. पलीकडे त्यांचं पत्र वाचायला कोणी माणूस बसलेला नाही. पत्र पोचतं, एक प्रोग्रॅम ते वाचतो, हवामानाची माहिती कापून बांधतो, उत्तर धाडतो आणि पुढच्या पत्राची वाट पाहत बसतो.

हे वाट पाहत बसणं पूर्वी महाग होतं. एका पत्रासाठीही कुठेतरी एक यंत्र रात्रंदिवस चालू ठेवावं लागे. गेल्या दहाएक वर्षांत वाट पाहण्याचा हा खर्च जवळजवळ शून्यावर आला आहे. आता प्रोग्रॅम झोपलेला असतो. पत्र दारात पडलं की तो उठतो, काम उरकतो आणि पुन्हा झोपतो. पैसे द्यायचे ते तो जागा होता तेवढ्या वेळाचेच. संगणकाच्या धंद्यातली माणसं याला 'ई-मेलवर सर्व्हरलेस फंक्शन ट्रिगर करणं' म्हणतात.

आपल्या नकळत आपण अशा कारकुनांना रोज पत्रं लिहीत असतो. २००७ साली सुरू झालेल्या 'ट्रिपइट' या सेवेत विमानाच्या किंवा हॉटेलच्या बुकिंगचा मेल फक्त पुढे ढकलायचा. त्यातून तारखा, वेळा आणि विमानाचे क्रमांक वेचून प्रवासाचा आराखडा आपोआप तयार होतो. प्रोग्रॅमरांच्या 'गिटहब' या संकेतस्थळावर चाललेल्या चर्चेची सूचना मेलने आली, तर त्याच मेलला उत्तर द्यायचं. ते थेट चर्चेत जाऊन बसतं. ज्या देशांत ओळख लपवणाऱ्या 'टॉर' ब्राउझरची वेबसाइट बंद पाडलेली असते, तिथला माणूस 'गेटटॉर' या पत्त्यावर मेल टाकतो आणि उत्तरात त्याला ब्राउझर कुठून उतरवून घ्यायचा त्याचे दुवे मिळतात. या तिन्ही ठिकाणी पत्र घेणारा माणूस नाही, आणि पाठवणाऱ्याला नवं ॲपही शिकावं लागलेलं नाही.

उभी रेघ आणि पाइप

ही कल्पना जुनी आहे, जवळपास ई-मेलइतकीच. १९७१ साली अमेरिकेत केंब्रिज इथे रे टॉमलिन्सन यांनी एका संगणकावरून दुसऱ्यावर पहिला निरोप धाडला आणि नाव व यंत्र यांच्यामध्ये '@' हे चिन्ह बसवलं. ऑगस्ट १९८२मध्ये जॉन पोस्टेल यांनी 'एसएमटीपी' हा टपालाचा शिष्टाचार लिहून काढला. आजही जगातला मेल मुळात त्याच शिष्टाचाराने चालतो.

त्याच काळात युनिक्स यंत्रांवर एरिक ऑलमन यांचा 'सेंडमेल' हा प्रोग्रॅम टपाल वाटायचं काम करत असे. त्याच्याकडे पत्त्यांची एक यादी असायची: या नावाने पत्र आलं, तर ते त्या माणसाच्या पेटीत टाक. या यादीत माणसाच्या नावाऐवजी एक उभी रेघ, म्हणजे युनिक्सच्या भाषेतला 'पाइप', आणि तिच्यापुढे एखाद्या प्रोग्रॅमचं नाव लिहिलं, की पत्र पेटीत न पडता थेट त्या प्रोग्रॅमच्या तोंडात ओतलं जाई. 'मी रजेवर आहे, सोमवारी परत येतो' असं आपोआप कळवणारा 'व्हेकेशन' हा प्रोग्रॅमही ऑलमन यांचाच. १९९०मध्ये स्टीफन व्हॅन डेन बर्ग यांचा 'प्रोकमेल' आला आणि आलेल्या प्रत्येक पत्रावर नियम लावून वेगवेगळे प्रोग्रॅम चालवणं सोपं झालं.

भारतातही इंटरनेट आधी टपालाच्या रूपातच आलं. इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने १९८६मध्ये 'अर्नेट' सुरू केलं. त्यातल्या पहिल्या आठ संस्थांमध्ये मुंबईतल्या दोन होत्या: जुहूचं राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि पवईची आयआयटी. सुरुवातीला टेलिफोनच्या तारेवरून डायल करून मेलची थैली इकडून तिकडे जायची. सर्वसामान्यांना इंटरनेट मिळायला १५ ऑगस्ट १९९५ उजाडला. जगात जिथे जिथे फक्त मेल पोचत होता, बाकीचं इंटरनेट नव्हतं, तिथल्या लोकांसाठी 'एफटीपीमेल' नावाची सोय होती. हव्या त्या फाइलचं नाव मेलमध्ये लिहून पाठवायचं, मग ती फाइल तुकड्या-तुकड्यांनी मेलमधून येई आणि आपण ते तुकडे सांधायचे. दर्यावर्दी आज वाऱ्यांसाठी जे करतो, तेच हे होतं.

पंगतीपुरता आचारी

'सर्व्हरलेस' हे नाव जरा फसवं आहे. सर्व्हर असतोच, तो आपला नसतो, इतकंच. लग्नाची पंगत उठवायची म्हणून कोणी वर्षभर घरी आचारी ठेवत नाही. त्या दिवसापुरता बोलावतो, पानं उठली की हिशेब चुकता करतो. क्लाउड कंपन्यांनी संगणकाचं तसंच केलं. तुम्ही कोडचा छोटा तुकडा लिहून द्यायचा, त्याला म्हणायचं फंक्शन. कोणती गोष्ट घडली की तो चालवायचा तेही सांगून ठेवायचं, तो ट्रिगर. बाकी यंत्र कुठलं, ते कधी चालू करायचं आणि एकदम हजार जण आले तर काय, ही सगळी काळजी कंपनीची.

गूगलच्या 'ॲप इंजिन'वर २००९मध्येच अशी सोय होती. तिथल्या प्रत्येक ॲपला स्वतःचा मेलचा पत्ता मिळायचा आणि आलेला मेल ॲपला वेबवरच्या विनंतीसारखा पोचवला जायचा. पण सर्व्हरलेस हा शब्द घराघरांत, म्हणजे निदान हिंजवडीच्या घराघरांत, पोचला तो ॲमेझॉनच्या 'लॅम्डा'मुळे. ती नोव्हेंबर २०१४मध्ये लास व्हेगसच्या वार्षिक परिषदेत जाहीर झाली. आधी ट्रिगर मोजकेच होते: साठ्यात नवी फाइल पडली, माहितीच्या तक्त्यात ओळ बदलली, असे. सप्टेंबर २०१५मध्ये ॲमेझॉनच्या मेल सेवेने, म्हणजे 'एसईएस'ने, येणारं टपालही स्वीकारायला सुरुवात केली आणि पत्र हाही एक ट्रिगर झाला. लॅम्डाचा हिशेब सुरुवातीला सेकंदाच्या दहाव्या भागाने व्हायचा. डिसेंबर २०२०पासून तो हजाराव्या भागाने होतो.

इतक्या चटकन यंत्र जागं कसं होतं? त्यासाठी ॲमेझॉनने 'फायरक्रॅकर' नावाचं तंत्र बनवलं आणि २०१८मध्ये ते सगळ्यांना खुलं केलं. मोठ्या संगणकाच्या पोटात एक चिमुकला, बाकीच्यांपासून बंदिस्त संगणक त्यामुळे सेकंदाच्या आठव्या भागात उभा राहतो. वर कोडला अंग झटकायला थोडा वेळ लागतो, त्याला 'कोल्ड स्टार्ट' म्हणतात. वेबपान उघडायला दोन सेकंद लागले तर माणूस कुरकुरतो. मेलचं उत्तर दोन सेकंद उशिरा आलं, हे कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून टपाल आणि झोपाळू कारकून यांची जोडी छान जमते.

वीस तारखेची बिलं

समजा, पुण्यात सदाशिव पेठेत एका सीएंचं कार्यालय आहे. दीडशे अशील: भोसरीचे फॅब्रिकेटर, मार्केट यार्डातले व्यापारी, दोन-तीन ट्रान्स्पोर्टवाले. दर महिन्याला जीएसटीचं एक विवरणपत्र ११ तारखेला आणि दुसरं २० तारखेला भरायचं असतं. एरवी शांत असलेली मेलपेटी या तारखांच्या आधी दोन दिवस तुंबते. "अहो, बिलं मेल केलीत, बघा जरा," असे फोन येत राहतात. आर्टिकलशिप करणारी दोन मुलं मेल उघडतात, जोडलेली बिलं उतरवतात, फाइलींना नावं देतात आणि योग्य फोल्डरमध्ये सरकवतात. हे काम शिकून कोणी सीए होत नाही, पण केल्याशिवाय गत्यंतर नसतं.

आता हे काम फंक्शनकडे सोपवलं, तर एका बिलाचा प्रवास कसा होईल ते पाहू.

भोसरीतल्या कारखानदाराने 'सेंड' दाबलं, की त्याचा मेल सर्व्हर आधी चौकशी करतो: या डोमेनचं टपाल कुठे टाकायचं? त्याचं उत्तर डोमेनच्या 'एमएक्स' नोंदीत असतं. ही पद्धत १९८६पासूनची. शहाणं कार्यालय बिलांसाठी मुख्य डोमेनखाली एक वेगळं उपडोमेन काढतं आणि फक्त त्याची एमएक्स नोंद क्लाउडकडे वळवतं. रोजच्या पत्रव्यवहाराला त्याचा धक्का लागत नाही. या वेगळेपणाचा आणखी एक मोठा फायदा आहे. तो पुढे येईल.

मग दोन सर्व्हरांचं बोलणं होतं. मी अमुक, पत्र अमक्याकडून, तमक्यासाठी, हा घ्या मजकूर. सगळं नीट मिळालं की घेणारा '२५०' हा आकडा म्हणतो. ही पोच आहे, आणि तिला वजन आहे: एसएमटीपीच्या नियमांनुसार त्या क्षणापासून पत्राची जबाबदारी घेणाऱ्याकडे जाते. घेणाऱ्याचं दार बंद असेल किंवा त्याने 'आत्ता नको, नंतर या' असा चारने सुरू होणारा आकडा दिला, तर पाठवणारा सर्व्हर पत्र फेकून देत नाही. तो पुन्हा-पुन्हा येतो, आणि नियमाची अपेक्षा अशी की त्याने चार-पाच दिवस तरी खेटे घालावेत. वेबसाइटवरचा फॉर्म भरताना पलीकडची सेवा बंद पडली, तर लिहिलेलं सगळं पाण्यात जातं. टपालाच्या रचनेत अशा अडचणींसाठी पहिल्यापासूनच सबुरी ठेवलेली आहे.

पत्र आत आलं की एसईएस ते नियमांच्या यादीवरून नेतं. वाटेत स्पॅम आणि व्हायरसची तपासणी होते, पाठवणारा खरा आहे का याच्या चाचण्या होतात आणि प्रत्येकीचा निकाल पत्राला चिकटवला जातो. नियमात लिहिल्याप्रमाणे अख्खं पत्र 'एस३' या साठ्यात ठेवलं जातं आणि मग लॅम्डाला हाक जाते.

इथे नवशिके हमखास अडखळतात. लॅम्डाच्या हातात पत्र येतच नाही! येते ती पाकिटावरच्या मजकुरासारखी चिठ्ठी: कोणाकडून, कोणाला, विषय काय, चाचण्यांचे निकाल काय. मजकूर आणि बिलं कपाटात, म्हणजे एस३मध्ये. कारकुनाने चिठ्ठीवरचा क्रमांक पाहून कपाटातून पत्र काढून आणायचं.

पत्र उघडणं हेही सोपं काम नाही. मेलची मूळ रचना साध्या रोमन अक्षरांसाठी होती. नॅथॅनियल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी 'माइम' ही पद्धत बसवली, आणि ११ मार्च १९९२ रोजी बोरेनस्टाइन यांनी त्या पद्धतीने आपल्या गायक-चौकडीचं छायाचित्र आणि गाणं मेलला जोडून पाठवलं. तेव्हापासून जवळजवळ प्रत्येक अटॅचमेंट रोमन अक्षरांच्या लांबलचक रांगेत रूपांतरित होऊन जाते आणि त्या भरात तिचं आकारमान सुमारे एक तृतीयांशाने फुगतं. देवनागरीला हा नियम विषयाच्या ओळीतही लागतो. 'जुलैची बिलं' असा विषय लिहिला, तर त्यातलं प्रत्येक अक्षर, काना, वेलांटी संगणकाच्या लेखी तीन-तीन बाइटांची. ती मेलच्या शीर्षात साधारणपणे चार-चार रोमन चिन्हांचा वेश घेऊन उतरतात. तो वेश उतरवायचं ज्याने लक्षात ठेवलं नाही, त्याच्या नोंदवहीत विषयाच्या जागी नुसता अक्षरांचा चिवडा दिसतो. फाइलचं नाव मराठीत असेल तरी हीच गत.

अशील ओळखायला एक जुनी युक्ती आहे. नियम अख्ख्या उपडोमेनला लावला, की त्यावरचा कुठलाही पत्ता चालतो. मग प्रत्येक अशिलाला नावापुढे अधिकचं चिन्ह आणि त्याचा क्रमांक जोडून वेगळा पत्ता देता येतो. फंक्शन पत्ता वाचतं, बिलं त्या अशिलाच्या फोल्डरमध्ये ठेवतं, तक्त्यात ओळ लिहितं आणि 'तीन बिलं मिळाली' अशी पोच धाडतं. फोन करून "बघा जरा" म्हणायची गरज उरत नाही.

खर्च किती? महिन्याला ३,००० पत्रं धरू. प्रत्येकासाठी अर्धा जीबी स्मृती दोन सेकंद लागली, तर हिशेब ३,००० जीबी-सेकंदांचा होतो. लॅम्डा महिन्याला ४,००,००० जीबी-सेकंद फुकट देत आली आहे. ती सवलत सोडली तरी हे बिल सुमारे पाच सेंट होतं. मेल स्वीकारण्याचा दर हजार पत्रांना दहा सेंट, वर मोठ्या पत्रांसाठी थोडी भर आणि साठ्याचं किरकोळ भाडं. सगळं मिळून कार्यालयातल्या एका दिवसाच्या चहाएवढं. कोड लिहिणाऱ्याची फी वेगळी, ती या गणितात बसत नाही.

दारात उभा, की कपाटाशी?

सगळ्यांची पद्धत ॲमेझॉनसारखी नाही. क्लाउडफ्लेअरने २०२२मध्ये 'ईमेल वर्कर्स' आणले. त्यांत कारकून दारातच उभा असतो. पत्र त्याच्या हातात पडतं. ते आत घ्यायचं, दुसरीकडे पाठवायचं की दारातूनच परत करायचं हे तो ठरवतो. नको असलेलं पत्र साठवायचा प्रश्नच येत नाही, पण काही जपून ठेवायचं असेल तर तेही त्यालाच बघावं लागतं.

जीमेलच्या पेटीवर लक्ष ठेवायचं तर तिसरीच तऱ्हा. गूगल फक्त कुजबुजतं: या पेटीत काहीतरी बदललं, हा घ्या बदलाचा क्रमांक. काय बदललं ते आपण जाऊन पाहायचं. शिवाय ही कुजबुज ऐकण्याचा परवाना किमान दर सात दिवसांनी नवा करावा लागतो. तो नवा करायचं काम करणारा प्रोग्रॅम बंद पडला, तर कुठेही चूक दिसत नाही, लाल दिवा लागत नाही; पत्रं येत राहतात आणि फंक्शन निवांत झोपून राहतं. ज्यांना एवढ्या खटाटोपात पडायचं नाही, ते मायक्रोसॉफ्टच्या 'पॉवर ऑटोमेट'मध्ये 'नवा मेल आला की' हा ठोकळा ओढून त्याखाली पुढच्या कृतींचे ठोकळे लावतात.

तेच बिल दोनदा

अशा यंत्रणेत सगळ्यात जास्त डोकं खातं ते एक साधं सत्य: एकच पत्र दोनदा येऊ शकतं. पोचेचा '२५०' वाटेत हरवला, तर पाठवणारा सर्व्हर पत्र पुन्हा पाठवतो. पत्र नीट आलं पण फंक्शन अर्ध्यावर कोसळलं, तर लॅम्डा ते आणखी दोनदा चालवून पाहते. त्या अर्ध्या कामात बिलाची ओळ आधीच लिहून झाली असेल, तर दुसऱ्या फेरीत ती पुन्हा लिहिली जाते. चाळीस हजारांचं खरेदीचं बिल दोनदा नोंदलं गेलं, तर जीएसटीचं चुकीचं क्रेडिट मागितलं जातं, आणि मग नोटीस. म्हणून फंक्शन काम सुरू करण्याआधी पत्राच्या 'मेसेज-आयडी'ची वहीत नोंद आहे का ते पाहतं. असेल, तर गपचूप पुन्हा झोपी जातं.

दुसरी आफत पत्रांच्या टोलवाटोलवीची. फंक्शन पोच पाठवतं. अशील रजेवर असतो; त्याची मेलपेटी 'मी रजेवर आहे' असं उत्तर पाठवते. फंक्शनला वाटतं नवं पत्र आलं, ते पुन्हा पोच पाठवतं. पूर्वी अशा चक्रात एखादं यंत्र गुदमरून बंद पडायचं आणि चक्र थांबायचं. क्लाउड गुदमरत नाही. तो हव्या तितक्या वेळा जागा होतो आणि प्रत्येक जागरणाचे पैसे लावतो. यावरचा उतारा २००४च्या एका मानकात आहे: आपोआप लिहिलेल्या पत्राच्या शीर्षात तसा शिक्का मारायचा आणि असा शिक्का असलेल्या पत्राला आपोआप उत्तर द्यायचं नाही. 'पत्र पोचलं नाही' असं सांगत परत येणाऱ्या पत्रांचा पाठवणाऱ्याचा पत्ता मुद्दाम कोरा ठेवलेला असतो, तोही याच कारणाने. जाणते लोक शिवाय एकाच वेळी किती फंक्शनं चालावीत, यावर आपली मर्यादा घालून ठेवतात.

पत्र की हुकूम?

मेलचा पत्ता म्हणजे रस्त्याकडेला उघडणारी फट. तिच्यात कोणीही काहीही टाकू शकतं, आणि पाठवणाऱ्याच्या जागी कोणाचंही नाव लिहू शकतं. हे थांबवायला तीन उपाय एकमेकांवर रचले गेले. 'एसपीएफ' सांगतं, या डोमेनचं टपाल कोणत्या यंत्रांवरून निघू शकतं. 'डीकेआयएम' पत्रावर डोमेनची गणिती मोहोर उमटवतं. २०१५मध्ये प्रसिद्ध झालेलं 'डीमार्क' या दोन्हींचा मेळ समोर दिसणाऱ्या नावाशी घालतं. गंमत अशी, की एसईएस या चाचण्यांचे निकाल फक्त कळवतं. नापास पत्राचं काय करायचं हे फंक्शनने ठरवायचं, आणि निकाल न वाचणारं फंक्शन कुठल्याही तोतयाचं बिल बिनदिक्कत नोंदवतं.

पत्राने प्रोग्रॅम जागा होतो यातला धोका जगाने पहिल्यांदा २ नोव्हेंबर १९८८ रोजी पाहिला. कॉर्नेल विद्यापीठाचा विद्यार्थी रॉबर्ट मॉरिस याने इंटरनेटवर एक किडा सोडला. त्याच्या वाटांपैकी एक सेंडमेलमधून जात होती. चाचणीसाठी ठेवलेली एक सोय अनेक यंत्रांवर तशीच चालू राहिली होती. तिच्यामुळे पत्र घेणाऱ्याच्या नावाच्या जागी आज्ञा लिहिता येत असे, आणि यंत्र ती पाळत असे. उभी रेघ आणि पाइप, पण परक्याच्या हातात. तेव्हाच्या सुमारे ६०,००० यंत्रांपैकी ६,००० बाधित झाली असा त्या वेळचा अंदाज होता.

२०१७मध्ये बेल्जियमचा संशोधक इंटी दे क्युकेलेअर याने तीच फट वेगळ्या बाजूने उघडून दाखवली. कोड साठवण्याची सेवा देणारी 'गिटलॅब' ही कंपनी वापरकर्त्यांना एक खास पत्ता देत असे. त्यावर मेल केला, की तो त्यांच्या प्रकल्पात तक्रार म्हणून नोंदला जाई. पत्ता मात्र कंपनीच्या मुख्य डोमेनवरचा. आणि कंपनीचे कर्मचारी जिथे बोलत त्या स्लॅकमध्ये, कंपनीच्या डोमेनचा मेल असलेल्या कोणालाही प्रवेश मिळे. त्याने तो तक्रारीचा पत्ता देऊन स्लॅकवर नाव नोंदवलं. स्लॅकने खात्रीचा दुवा मेलने पाठवला. यंत्रणेने इमानेइतबारे तो मेल तक्रार म्हणून त्याच्याच समोर आणून ठेवला. ही 'टिकिट ट्रिक' इतर कंपन्यांच्या मदतकक्षांवरही चालली. असे पत्ते वेगळ्या उपडोमेनवर ठेवायचे, ते यासाठी.

जून २०२५मध्ये 'एम लॅब्ज'च्या संशोधकांनी 'एकोलीक' उघडकीला आणलं. मायक्रोसॉफ्टच्या ऑफिसातल्या 'कोपायलट' या कृत्रिम बुद्धीच्या मदतनीसाला फसवायला एक मेल पुरेसा होता. माणसाने त्यावर क्लिक करायचीही गरज नव्हती. पुढे कधीतरी त्या माणसाने कोपायलटला काही विचारलं, की तो संदर्भासाठी जुने मेल चाळी, त्यात हा मेलही ओढला जाई आणि त्यात पेरलेल्या सूचनांना तो हुकूम समजे. आतली माहिती बाहेर पडू शकेल अशी ही वाट मायक्रोसॉफ्टने आपल्या बाजूने बुजवली. १९८८मध्ये पत्त्याच्या जागी आज्ञा होती, इथे मजकुराच्या जागी. आज बिलं वाचायला, तक्रारींची वर्गवारी करायला फंक्शनांच्या मागे अशीच भाषा समजणारी मॉडेलं बसवली जात आहेत. त्यांना जितकं जास्त समजतं, तितक्या जास्त गोष्टी त्यांना पत्रातून सांगता येतात.

समुद्रावरच्या त्या सेवेला मोजकेच शब्द कळतात. पाठवा, रोज पाठवत राहा, आता थांबवा, अशा धाटणीचे. त्याबाहेरचं काही तिच्याकडून करून घेता येत नाही.

सदाशिव पेठेतलं फंक्शनही तसंच मठ्ठ ठेवलेलं बरं, असं त्याचा कोड लिहिणारी मुलगी म्हणेल. ते बिलाचा मजकूर समजून घ्यायला जात नाही. पत्ता, चाचणीचा निकाल, मेसेज-आयडी आणि फाइलचा प्रकार एवढंच पाहतं. जे बसत नाही ते 'शिल्लक' नावाच्या फोल्डरमध्ये टाकतं. २० तारखेला सकाळी आर्टिकलचा मुलगा चहा घेऊन तो फोल्डर उघडतो. एक बिल आडवं काढलेल्या फोटोत आहे, तेही निम्मं बोटाखाली. एका पत्राला अटॅचमेंटच नाही. आणि एका अशिलाने रात्री साडेअकराला लिहिलंय: काल पाठवलेलं तिसरं बिल धरू नका, पार्टीने माल परत केला. यंत्रणेने त्या बिलाची पोच आधीच देऊन टाकलेली असते. मुलगा कप बाजूला ठेवतो आणि अशिलाला फोन लावतो.